बाहेरची कडी

आमच्या घराच्या दाराला वाळवी लागलीय, हे सगळ्यात आधी आमच्या कोंबडीला कळलं. सकाळी डालग्यातून सुटली की ती थेट दाराच्या खालच्या कोपऱ्याशी जायची आणि टुकटुक चोच मारत बसायची. माय म्हणायची, "ह्या मेलीला दार गोड लागायलंय का काय?" आबा म्हणायचे, "खाऊ दे की. तेवढंच दाणं वाचलं." शेवटी एका सकाळी बाहेरून येताना आबांच्या दोन्ही हातांत चाऱ्याच्या पेंढ्या होत्या, म्हणून त्यांनी दार पायानं लोटलं, तर अंगठा फळीतून आरपार आत आला. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. दाराच्या पोटातून बाहेर आलेला माझ्या बापाचा अंगठा बघून मला असं हसू फुटलं की भाकरी परातीतच फाटली. आबांनी पेंढ्या खाली टाकल्या, अंगठा सोडवला, उकिडवे बसून भोकाला डोळा लावला आणि म्हणाले, "ग्यानबाला बोलवावं लागतंय." याच दारापायी पुढचा महिनाभर मी घरात अडकून पडणार आहे हे ठाऊक असतं तर तेव्हा हसले नसते.

आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडं, हमरस्त्यापासून जरासं आत. घर माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं, पुढं जरासं अंगण, ओटा, मग उंबरा, आत लांबट सोपा आणि त्याच्या टोकाला चूल. घरात सगळं होतं, कुलूप तेवढं नव्हतं. घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, आबांना ते चालायचंच नाही. "कुलूप त्यानं लावावं ज्याच्या घरात माणूस न्हाय," असं ते म्हणायचे, आणि आमच्या भागात त्या वेळी ते एकटेच असं म्हणत होते असंही नाही. शेतकऱ्याचं घर दिवसा उघडं पाहिजे, पाव्हणा आला तर तांब्याभर पाणी द्यायला कुणीतरी पाहिजे, दिवेलागणीला तर पाहिजेच पाहिजे. त्यामुळं आम्ही लग्नाला गेलो, जत्रेला गेलो, कुणाच्या मातीला गेलो तरी एक माणूस मागं राहायचं, आणि ते माणूस म्हणजे माय. दाराला आतून कडी होती, रात्रीला अडसर होता, बाहेरून काहीच नव्हतं. लागणार कशाला? माझ्या आठवणीत मी शाळेतून घरी आले आणि माय घरात नाही, असं एकदाही झालेलं नव्हतं. घर म्हटलं की त्यात चूल असते तशी माय असायची, मी याहून जास्त कधी विचार केला नाही.

ग्यानबा सुतार दुसऱ्या दिवशी आला. तो "आमचा" सुतार होता. म्हणजे त्याचा आजा आमच्या घराचे नांगर-कुळव करायचा, बाप करायचा, आता तो. सुगीला त्याला आमच्या घरून मापून धान्य जायचं आणि त्यानं वर्षभर आमचं काय मोडेल ते जोडायचं. दुसऱ्या सुताराला हाक मारणं म्हणजे चारचौघांत त्याच्या तोंडात मारण्यासारखं झालं असतं, त्यामुळं तो येईल तेव्हा यायचा आणि करील तेव्हा करायचा, आणि आपण गप बसायचं. बुटका, कानावर पेन्सिल, आणि चहा पोटात गेल्याशिवाय तोंडातून शब्द नाही. चहा झाल्यावर त्यानं दाराला खालपासून वरपर्यंत बोटाच्या पेरानं टकटक केलं, पटाशी काढून फळीला टेकवली, आणि ती भाकरीत शिरावी तशी आत गेली. "मालक, ह्ये दार न्हाय ऱ्हायलं. वरनं नुसता रंग हाय," तो म्हणाला. आबांकडं बांधावरच्या कडुलिंबाच्या फळ्या कापून ठेवलेल्या होत्या. लिंबाला वाळवी धरत नाही. ग्यानबा म्हणाला, चौकट बरी आहे, ती राहू द्या, पण दोन्ही फळ्या नव्या कराव्या लागतील, आणि बिजागऱ्या-कड्या जुन्याच वापरायच्या तर मापाला आणि लोखंडाला जुनं दार मी घेऊन जातो. आठवड्यात आणून बसवतो. मग निघता निघता त्यानं विचारलं, "बाहेरून कडी-कोयंडा बसवू का? आजकाल समदेच बसवायलेत."

"आपल्याला कशाला? घरातली माणसं मेली का?" आबा म्हणाले.

माय कपबशा उचलत होती. तिनं त्या उचलल्या आणि आत नेऊन राखेनं घासायला घेतल्या. मी हे आता मागून आठवून लिहितेय, तेव्हा माझं लक्षही नव्हतं. माझं लक्ष ग्यानबानं बिजागऱ्या उचकटल्या त्याकडं होतं. दोन्ही फळ्या बैलगाडीत आडव्या पडल्या आणि घराला एकदम भलंमोठं भगदाड पडलं. पेरणीचं बी घरात होतं, कणग्यांत जोंधळा होता. "आता राखणीला?" माय म्हणाली. आबा म्हणाले, "कुसी हाय की. परीक्षा झालीया, रिकामीच हाय. बसंल."

बसले. उंबऱ्याच्या आत पोतं टाकून त्यावर बसले. दार नसलेल्या घरात बसणं काय असतं हे बसल्याशिवाय कळायचं नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला आतलं सगळं दिसायचं, उतरंड दिसायची, खुंटीवरचा माझा परकर दिसायचा. आम्ही एक पटकुर टांगलं तर दुपारची झळ त्याला उचलून थेट माझ्या तोंडावर आणायची. शेजारचं वासरू दिवसातून कितीदा तरी शिरायचं. कुत्री तर पाव्हण्यासारखी यायची, उंबऱ्याशी थांबून माझ्याकडं बघायची, मी "हाड" म्हटलं की तोंड पाडून परत जायची. आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायचा, "काय गं कुसुम, दार कुठं गेलं?" मी म्हणायची, "फिरायला गेलंय." पहिल्या दिवशी गंमत वाटली. पुढं पुढं तेच उत्तर देताना माझे दात एकमेकांवर घासायला लागले. दारच नाही, अडवायला साधी फळीसुद्धा नाही, समोर चार पावलांवर रस्ता, त्या रस्त्यावरून सगळा गाव हिंडतोय, आणि मला तेवढं जाता येत नाही. दार लावून कोंडलं असतं तर निदान आदळआपट तरी केली असती.

ग्यानबाची शेड आमच्याच गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला होती. सकाळी तिकडून रंध्याचा आवाज यायचा, खर्र, खर्र, मग थोडा वेळ काही नाही, मग परत खर्र. मी त्या आवाजाकडं कान लावून बसायची. लिंबाच्या लाकडाला रंधा लागला की आवाज जड येतो असं मला उगीचच वाटायचं, आणि तो आवाज आला की मी मनात म्हणायची, हे आपलं दार. दुपारी हमरस्त्यावरून एसटीचा हॉर्न यायचा. ती गाडी धाराशिवला जायची. त्या वेळी सगळे उस्मानाबाद म्हणायचे, माझ्याही तोंडात अजून तेच येतं, मग नातू मला दुरुस्त करतो. त्या हॉर्नसरशी माझी मान हमरस्त्याकडं वळायची, कारण तिथल्या नर्सिंगच्या शाळेत मी अर्ज केला होता. आमच्या शाळेतल्या बाईंनी करायला लावला होता. दादा पुण्याला कंपनीत लागून गेला होता, माझ्याबरोबरच्या दोघी लग्न होऊन गेल्या होत्या, आणि माझ्या लग्नाचं बोलणं आबांच्या तोंडी अधूनमधून यायला लागलं होतं. माझी तिथं निवड झाली तर सुटका, नाही तर येत्या हिवाळ्यात कुठल्यातरी दुसऱ्या गावात दुसरा उंबरा. इतकं ते सरळ होतं.

आणि याच दिवसांत आमच्या मायला पाय फुटले. आधी ती आबांची न्याहारी घेऊन शेतात गेली आणि दुपार टळल्यावर आली. मग येरमाळ्याच्या बाजाराला गेली. मग शुक्रवारी तिथल्याच येडेश्वरीच्या देवळात गेली. परत आली की तिच्या पायांवर धूळ असायची, नाक उन्हानं लाल, आणि तोंडाला नुसता दम नाही. "कुसे, बाजारात एक बाई हाय बघ, बांगड्या विकती, तिला मिश्या हायेत! खरंच सांगते! आन भाव करायला लागलं की मिशीवर हात फिरवती!" असं म्हणून ती सोप्यात मधोमध उभी राहून त्या बाईची नक्कल करायची. पदरात कागदाच्या पुडीत गोडीशेव आणायची. मी शेव खायची आणि तिच्यावर फणकारायची. "तू हिंडून ये. म्या हाय हितं, कुत्री हाकायला." ती हसायची आणि म्हणायची, "चार दिस की गं." शेंगोळ्यांचा बेत असला की पूर्वी ती ते सकाळपासून वळत बसायची. त्या महिन्यात शेंगोळे मीच वळले. जाडे-बारके झाले, तर आबा म्हणाले, "ह्ये कुणाच्या हातचं?" माय म्हणाली, "खावा गपगुमान. पोटात गेल्यावर समदे सारखेच."

एका सकाळी पोस्टमन आला. त्यानं दार वाजवायला हात उचलला आणि दारच नाही, म्हणून तो हात तसाच हवेत ठेवून उभा राहिला. मी त्याच्या हातातून कार्ड ओढलं. पुढच्या सोमवारी सकाळी मुलाखत, घरचं कुणीतरी मोठं माणूस बरोबर पाहिजे. मी कार्ड घेऊन सोप्यातल्या सोप्यात तीन गिरक्या घेतल्या, कारण त्यापलीकडं जायला परवानगी नव्हती. जेवताना आबांना दाखवलं. आबांनी कार्ड उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "दार येऊ दे, मग बघू."

"सोमवारी हाय, आबा."

"पर न्यायचं कुणी? मला शेत सोडून एक दिस फुरसत न्हाय. तुझी माय आली तर घरात कोण?"

"दार आल्यावर तर येईल माय?"

"दार आल्यावर तरी घरात माणूस लागतंच की! तुला काय येड लागलंय का?"

म्हणजे दार नाही म्हणून मी अडकलेली, आणि दार आलं तरी माय अडकलेली. मी मायकडं बघितलं, ती काहीतरी म्हणेल म्हणून. ती ताटातल्या चटणीवर तेल घालत होती आणि घालतच राहिली. आबा म्हणाले, "आधी दार तर येऊ दे. एखाद्या पाव्हण्याबरोबर धाडून देऊ." एवढ्याच बोलण्याला मी लोंबकळले. दार आलं तर काहीतरी होईल, दार नाही आलं तर काहीच नाही.

पण ग्यानबा दार आणीना! कुणी म्हणेल, जाऊन तगादा लावायचा. आबांना वेळ नाही, दिवसा मला उठता येत नाही आणि दिवेलागणीनंतर पोरीनं बाहेर पडायचं नाही, हेच तर दुखणं होतं. तो आमच्या ओट्यासमोरून जायचा तेव्हा मान पलीकडं वळवून जायचा, जणू समोरच्या भिंतीत काही बघण्यासारखं आहे. मी पोत्यावरून ओरडायची, "काका, दार!" तो दचकून म्हणायचा, "फळी ओली हाय गं पोरी, वाकंल." दुसऱ्या वेळी बिजागरी तुटली होती. तिसऱ्या वेळी जळकोटला साडूच्या घरी बारसं होतं. एकदा तर म्हणाला, "अवसेच्या आधी दार बसवत नसतात." "काका, अवस होऊन गेली की!" "व्हय का?" म्हणाला आणि पाय उचलून निघून गेला. हल्ली आमच्याकडं मिस्त्री येतात ते विजेचं मशीन घेऊन येतात, एका दुपारीत दार लावून जातात, चहा दिला तर उभ्याउभ्या पितात. सून म्हणते, किती बरं. बरं आहेच. तरी मी त्या मशीनचा आवाज ऐकायला खुर्ची घेऊन बसते, म्हातारीची खोड. कारण त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली होती: गल्लीच्या टोकाकडून येणारा रंध्याचा तो जड आवाज केव्हाच थांबला होता. करवत ऐकू यायची, हातोडा ऐकू यायचा. रंधा नाही.

मुलाखतीच्या आधीचा शनिवार. माय सकाळीच जवळच्या वाशी गावाला मावशीकडं गेली होती, आबा शेतात. मी पोत्यावर बसले होते, कुत्रं उंबऱ्याशी होतं, हमरस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, आणि मी उठले. ठरवून उठले असं नाही. घर उघडं टाकलं, बी-बियाणं टाकलं, परकर टाकला, आणि गल्लीनं अनवाणी पळत सुटले. "अगं कुसे, घरात कोण?" असं कुणीतरी ओरडलं. मी थांबले नाही.

ग्यानबाच्या शेडीत आमचं दार भिंतीला टेकून उभं होतं. दोन्ही फळ्या, तासलेल्या, घासलेल्या, तेल पाजलेल्या. जुन्या दारावरची पितळी फुलं चिंचेनं घासून नव्या लाकडावर मारलेली. इतकं देखणं दार मी आमच्या गावात बघितलं नव्हतं. ग्यानबा एका कुळवाच्या दांड्यावर वाकला होता. मला बघून तो सरळ झाला आणि आधी दाराकडं, मग माझ्याकडं, मग खाली बघायला लागला.

"काका, ह्ये तर तयार हाय!"

"हाय."

"कवापासून?"

"झालं की आता... लई दिस झालं."

"मग आणत का न्हाय? माझी सोमवारी मुलाखत हाय, तुम्हाला ठावं हाय का? माझं वाटोळं व्हायलंय तिकडं बसून!"

ग्यानबानं कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "आन कसं आणू, पोरी? मालक म्हणले, बाहेरून कडी नको. वैनी म्हणल्या, बाहेरून कडी लावल्याबिगर दार घराकडं आणायचं न्हाय. मालकाचं ऐकलं तर वैनी रागावणार, वैनीचं ऐकलं तर मालक. दोघांच्याबी घरचं खातो म्या. म्हणलं, ठिवू तसंच. दोघांतलं एक कोणतरी इसरंल."

"कुठल्या वैनी?"

"अगं, तुझी माय! दुसरी कोण?"

मी परत आले तेव्हा घरात काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. ज्या घरासाठी महिनाभर बसले त्या घरात कुत्रंसुद्धा शिरलं नव्हतं. ते उंबऱ्याशी तसंच बसलं होतं, माझी वाट बघत. त्याच्याकडं बघून मला रडू आलं. मग मी उंबऱ्यात बसून मायची वाट बघितली. ती उन्हं कलल्यावर आली, डोक्यावर पदर, हातात शेवेची पुडी, लांबूनच हसत. जवळ आल्यावर माझं तोंड बघितलं आणि तिचं हसू गेलं.

"माय, दार तयार हाय."

"तू गेली व्हतीस? घर टाकून?"

"घराला आग लागू दे. तू सांगितलंस त्याला, दार आणू नको म्हणून?"

"कडीबिगर आणू नको म्हणलं."

"आन सोमवारी माझी मुलाखत हाय, ठावं व्हतं तुला?"

"ठावं व्हतं."

"मग सोमवार गेला असता तर?"

तिनं शेवेची पुडी या हातातून त्या हातात घेतली. नंतर म्हणाली, "गेला असता. खोटं कशाला बोलू?"

मी तिच्या हातातली पुडी हिसकली आणि अंगणात भिरकावली. शेव सगळीकडं उडाली, कोंबडी धावत आली. "तू माय हायेस का कोण हायेस?" मी म्हणाले, आणि असंच आणखीही बरंच काही म्हणाले, जे इथं लिहीत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती माझ्या पोत्यावर, मी महिनाभर बसले होते त्याच जागेवर, बसली.

"तुला हितं एक महिना झाला, कुसे," ती म्हणाली. "एका महिन्यात तू कुत्र्यावर खेकसायलीस, वासरावर खेकसायलीस, माझ्यावर खेकसायलीस. बरूबर हाय, जीव घाबरतो. म्या लगीन होऊन आले तवापासून हितं हाय. येरमाळा किती लांब हाय? येडेश्वरीच्या यात्रेतला ढोल हितं ऐकू येतो. समदं गाव जातं, तुम्ही जाता, म्या ढोल ऐकते. म्या कुणावर खेकसू?" तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं मला जास्तच लागलं. "तू जाशील. जावंसच तू. पर तू गेलीस, दार बसलं, की म्या परत हितं. मरस्तोवर हितं. आता बाहेरचं बघितलंय, आता न्हाय बसवत."

मग ती उठली, तुरीच्या डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक चिंधी बाहेर काढली. चिंधीत कुलूप होतं. पितळी, लहानसं, काळ्या दोऱ्यात किल्ली. "पहिल्या बाजारात घेतलं," ती म्हणाली. "घेऊन आल्यावर ध्यानात आलं, आपल्या दाराला लावायला कडीच न्हाय. कुलूप घेऊन करू काय?" एवढं बोलून तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. मला तिचा राग आला होता तो आला होता. खरं सांगायचं तर तो अजूनही पुरता गेलेला नाही, आणि तिला जाऊन आता इतकी वर्षं झाली. तिनं माझा सोमवार जाऊ दिला असता. तरी मी तिच्या हातातलं कुलूप घेतलं, उघडलं, लावलं, परत उघडलं. असलं कुलूप मी कधी हाताळलं नव्हतं.

"ग्यानबाकडं जायला पाहिजे," मी म्हणाले.

"तू बस, म्या जाते," ती सवयीनं म्हणाली. मग तिनं घराकडं बघितलं, कणगीकडं, चुलीकडं, उंबऱ्यातल्या कुत्र्याकडं. "न्हाय. चल, दोघीबी जाऊ."

आम्ही दोघी घर उघडं टाकून गल्लीनं चालत गेलो. ग्यानबानं आम्हाला येताना बघितलं आणि हातातली करवत खाली ठेवली.

"भाऊ, कडी लावा," माय म्हणाली.

"वैनी, मालक..."

"सुगीला तुमचं धान्य मापायची पायली कुणाच्या हातात असती?"

ग्यानबानं विचार केला. "तुमच्या."

"ती सपाट भरायची का शिगोशीग भरायची, ह्ये कोण बघतं?"

"तुम्हीच."

"मंग?"

ग्यानबा पत्र्याच्या डब्यात कडी शोधायला लागला. डब्याच्या अगदी वरच ठेवलेली होती, त्याला फार शोधावं लागलं नाही.

रविवारी दार आलं. मायनं हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, ग्यानबाला टोपी-उपरणं दिलं. आबा शेतातून मुद्दाम आले होते, फळीवरून हात फिरवून खूश होते. मग त्यांनी दार ओढून बघितलं आणि त्यांचा हात बाहेरच्या कडीवर पडला.

"ह्ये काय रं?"

"कडी हाय मालक," ग्यानबा आभाळाकडं बघत म्हणाला.

"नको म्हणलं व्हतं की तुला! काढ."

"काढतो. काढायला काय? पर भोकं ऱ्हात्याल. नव्या दाराला पहिल्याच दिशी भोकं पाडायची म्हणजे... तुम्ही म्हणत असाल तर पाडतो."

आबांनी भोकांचा विचार केला. नारळाचं पाणी अजून उंबऱ्यावर ओलं होतं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि हसले. "कडी असून काय करतीया? आपल्या घरात कुलूप कुठंय?" माय खोबऱ्याचे तुकडे करत होती. तिनं पहिला तुकडा आबांच्या हातावर ठेवला. मी मात्र आत जाऊन तोंडात पदर कोंबून उभी राहिले, कारण मला हसू येतंय का धडकी भरलीय तेच समजत नव्हतं. जेवताना आबा मला म्हणाले, "पाव्हणा काय कुणी मिळाला न्हाय बघ. पुढच्या वर्सी बघू तुझ्या मुलाखतीचं." मी "बरं" म्हणाले.

सोमवारी आबा उजाडताच बैलं घेऊन गेले. आम्ही भाकरी बांधून घेतली. मायनं लग्नातला जपून ठेवलेला शालू नेसायला काढला, परत ठेवला आणि रोजचंच लुगडं नेसली. बाहेर आलो. तिनं दोन्ही फळ्या ओढल्या, कडी कोयंड्यात घातली, कुलूप अडकवलं आणि तिथंच थांबली. समोरची म्हातारी तोंडाला पदर लावून बघत होती. "दाबू का म्या?" मी विचारलं. ती म्हणाली, "न्हाय, म्याच," आणि दाबलं. एवढ्याशा कुलपाचा तो केवढा आवाज झाला! एसटीत माय खिडकीशी बसली, किल्लीचा दोरा बोटाला गुंडाळलेला, आणि बाहेर जे जे दिसेल ते मला सांगत राहिली, जणू मला डोळेच नव्हते.

मुलाखतीत मला काय विचारलं ते आता फार आठवत नाही. रक्त बघून चक्कर येते का, असं एकीनं विचारलं, मी म्हणाले, न्हाय, शेळीची दोन बाळंतपणं मी केलीत. त्या सगळ्या हसल्या. माझी निवड झाल्याचं पुढं कळलं, आणि माझं सगळं आयुष्य त्याच कामात गेलं. पण त्या दिवशी मला घाई होती ती बाहेर झाडाखाली बसलेल्या मायकडं जायची. ती तिथं दुसऱ्या पोरींच्या आयांशी गप्पा मारत बसली होती आणि एकीला मिशीवाल्या बांगडीवालीची नक्कल करून दाखवत होती. परतीच्या गाडीत मात्र ती बाहेर बघायचं सोडून बोटावरचा दोरा सोडवायची आणि परत गुंडाळायची. येरमाळ्याच्या अलीकडं उतरून आम्ही भरभर घराकडं निघालो. दिवेलागण झाली होती, आणि आमच्या घरात दिवा नव्हता.

आबा ओट्यावर बसले होते. बाहेर. पाठीमागं नवं दार, दाराला कुलूप, शेजारी कुत्रं. बैलं अंगणात होती. आम्ही पुढं जाऊन उभ्या राहिलो. आता काय होतंय म्हणून मी मायचा पदर धरला होता, एवढी मोठी घोडी होऊन.

"दुपारपासनं बसलोय," आबा म्हणाले. "पाणीसुदिक शेजारनं मागून प्यालो. येणारा-जाणारा इचारायलाय, आबा, घरात कुणी न्हाय का."

"मंग काय सांगितलंत?" माय म्हणाली.

"काय सांगणार? म्हणलं, फिरायला गेल्यात."

आबांनी एकदा कुलपाकडं मान वळवून बघितलं. पितळ अंधारातही दिसत होतं.

"किल्ली कुणाकडं हाय?"

"माझ्याकडं," माय म्हणाली. पण ती दाराकडं गेली नाही. ती ओट्याशी गेली आणि आबांच्या शेजारी टेकली. "उघडते. जरा बसते हितं. पाय दुखायलेत."

आबा थोडं सरकले आणि तिला जागा करून दिली.